आधी नाव, मग रंग

"रंग शेवटी." हे दोन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा बायकोला नावानं हाक मारली नसेल. गिऱ्हाईक मान डोलावतं, "अगदी बरोबर, इस्माईलभाई," म्हणतं आणि लगेच विचारतं, "पण रंग कुठला देऊ या? निळा की पांढरा?" अशा वेळी मी हातातला पाना खाली ठेवायचो आणि चहा सांगायचो. पाना हातात ठेवून पुढचं बोलणं धोक्याचं होतं.

मी लोणावळ्याजवळच्या कुसगावचा. वडील हायवेवरच्या ट्रकांच्या बॉड्या दुरुस्त करायचे, मी जुन्या मोटरबोटी दुरुस्त केल्या. हे सांगितलं की लोक विचारतात, "लोणावळ्यात समुद्र कुठून आला?" समुद्र नाही, पण आमच्या मावळात जिकडं बघाल तिकडं धरणं आहेत. धरणांच्या कडेला पुण्यामुंबईच्या लोकांचे बंगले आहेत आणि काही बंगल्यांच्या मागे ताडपत्रीखाली एक बोट आहे. हौसेनं घेतलेली, दोन उन्हाळे फिरवलेली आणि मग विसरलेली. मुलं परदेशी गेली की मालकाला ती आठवते. ताडपत्री काढावी तर आत पालापाचोळा, उंदरांची घरटी आणि साचलेलं काळं पाणी. मग मला फोन येतो, "जरा बघून जाता का? फारसं काही नाहीये, रंग मारला की झालं."

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फायबरची बोट बाहेरून टणक दिसते, पण तिच्या पोटात लाकूड असतं. तळाला लाकडी पट्ट्या असतात, आणि मागच्या ज्या उभ्या भिंतीवर इंजिन टांगतात तिच्या आत जाड प्लायवूड असतं. त्या भिंतीला आम्ही पाठ म्हणायचो. फायबरला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजत राहतं. वरून काही कळत नाही. हातोडीच्या दांड्यानं इंच इंच ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. पाठ कुजलेली असेल आणि बोट पाण्याच्या मध्यावर असताना मोडली, तर इंजिन तिला घेऊन खाली जातं आणि मागून पाणी आत येतं. बोट बुडायला मग फार वेळ लागत नाही.

म्हणून कामाचा क्रम. मी यादी उलटी करायचो. शेडच्या भिंतीवर खडूनं सगळ्यात खाली लिहायचं, "मालकाच्या ताब्यात." मग स्वतःलाच विचारायचं, त्याच्या आधी काय? रंग. त्याच्या आधी? पाण्यावर चाचणी, कारण चाचणीत काही निघालं तर रंग वाया जातो. त्याच्या आधी वायरिंग, त्याच्या आधी इंजिन. त्याच्या आधी आतली फरशी बंद करायची, आणि फरशीच्या आधी तिच्याखालची पेट्रोलची टाकी तपासायची. त्याच्या आधी कुजलेलं लाकूड काढून नवं बसवायचं, त्याच्या आधी बोट खडखडीत वाळवायची. असं करत भिंतीच्या वर पोचलो की तिथून कामाला सुरुवात. माझं हे "त्याच्या आधी काय?" ऐकून ऐकून लोणावळ्याच्या बाजारात माझं नाव आधीभाई पडलं. एकदा हॉटेलातल्या पोऱ्यानं विचारलं, "चाचा, चहाच्या आधी काय?" त्याला मी पाणी आणायला सांगितलं.

गिऱ्हाइकांना हा क्रम कधी पटला नाही. एका डॉक्टरांनी बोट माझ्याकडे यायच्या आधी पांढऱ्या गाद्यांच्या खुर्च्या मागवल्या. त्या खुर्च्या सहा महिने माझ्या शेडमध्ये पडून होत्या आणि आमच्या मांजरीनं त्यांवर दोनदा पिल्लं घातली. एका हॉटेलवाल्याला फक्त इंजिनाचा आवाज हवा होता, बोट हॉटेलसमोर जमिनीवरच राहणार होती. त्याला मी हात जोडले. पण शहाणपण सांगणाऱ्यानं स्वतःचंही सांगावं. अगदी सुरुवातीला मी स्वतः टाकी न तपासता वरून फरशी बंद केली होती. चाचणीच्या दिवशी पेट्रोलचा वास सुटला आणि तीन आठवड्यांचं काम मी माझ्याच हातानं कापून काढलं. तेव्हापासून यादीतली एकही ओळ मी वर-खाली होऊ दिली नाही. एकदाच होऊ दिली, आणि हे लिहायला बसलो ते त्या एकदासाठीच.

आंदर मावळात एका धरणाच्या पलीकडे एक वाडी आहे. मागे डोंगर, पुढे पाणी. रस्ता आणि शाळा दोन्ही पाण्याच्या अलीकडे. डेअरीची गाडी सकाळी अलीकडच्या रस्त्यावर येते, तोवर दुधाच्या किटल्या इकडे पोचल्या नाहीत तर दूध घरी परत. डोंगराला वळसा घालून चालत यायचं तर अर्धा दिवस जातो. भागूबाई नावाची बाई वल्ह्याच्या होडीतून सगळ्यांना ने-आण करायची. आधी तिचा नवरा करायचा, तो गेल्यावर वल्ही तिच्याकडे आली. अलीकडच्या काठावर पुण्याच्या एका साहेबांचा बंगला होता. साहेबांच्या आई, सुशीलाबाई, शेवटची काही वर्षं तिथंच राहिल्या. भागूबाई त्यांना दूध घालायची आणि ओट्यावर बसून दोघी तासन्‌तास बोलायच्या. आई गेल्या तेव्हा साहेबांच्या मनात आलं की बंगल्यामागं पडून असलेली मोटरबोट नीट करून आईच्या नावानं वाडीला द्यावी. विचार सोन्यासारखा होता, त्यात मी खोट काढणार नाही.

बोट माझ्या शेडमध्ये आली. ठोकून पाहिलं तर तळ बरा होता, पण पाठ भद्द बोलत होती. बारीक भोक पाडून पाहिलं तर चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. जिथं इंजिनाचे बोल्ट होते तिथं बाहेरचा फायबरही तडकला होता, म्हणजे आतलं लाकूड आणि बाहेरचा फायबर दोन्ही नवं करावं लागणार होतं. साहेबांनी कामाचा क्रम व्हॉट्सॲपवर मागितला. इथं माझ्या अंगात आलं. आयुष्यभर मी बोटीला बोट म्हणालो. पण पुण्याच्या साहेबांना लिहायचं म्हणून मी शुद्ध भाषेत लिहायला गेलो. लिहिलं, "सर्वप्रथम नाव. नाव पूर्ण झाल्याशिवाय रंगास हात लावू नये." दोनदा वाचून पाहिलं, बरं वाटलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला एकटाच चाकणला गेलो.

चार दिवसांनी परत आलो. शेडचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बोट होती तशीच होती, शेवाळलेली, पोपडे सुटलेली. फक्त तिची पाठ दुधासारखी पांढरी चकचकीत रंगवलेली होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, शेजारी कमळ काढून लिहिलं होतं, "सुशीला."

साहेबांच्या मॅनेजरनं सदा पेंटरला पाठवलं होतं. सदा म्हणजे आमच्याकडच्या निम्म्या हॉटेलांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्याला गाठलं तर तो माझ्यावरच चिडला.

"मिस्त्री, मी त्यांना म्हटलं, नाव आधी आणि रंग नंतर, हे उलटं काम आहे. तर म्हणाले, आधीभाईंचा मेसेज आहे, सर्वप्रथम नाव. आता तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

"अरे, नाव म्हणजे बोट रे!"

"मग बोट लिहायचं ना!"

घरी बायकोला विचारलं, "तू दार उघडून दिलंसच कसं?" ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच पाठवलं असेल. तुमच्या याद्या उलट्याच असतात."

मी सदाला म्हटलं असतं, पाठ बदलल्यावर पुन्हा लिही, तर त्यानं लिहिलं असतं. पण त्याच दिवशी साहेब आले. ते पाठीसमोर उभे राहिले. मग चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "साहेब, ही पाठ कापावी लागणार. आत सगळी कुजलीय."

"कापायची म्हणजे? हे नाव?"

"नाव परत लिहून देऊ. याहून चांगलं."

"इस्माईलभाई, आईच्या नावावर करवत चालवायची?" ते म्हणाले. "आठ दिवसांनी वर्षश्राद्ध आहे. त्याच दिवशी बोट वाडीला द्यायची ठरलीय, सगळ्यांना कळवलंय. कार्यक्रम होऊ द्या. मग न्या तुम्ही परत, काय करायचं ते करा."

मी वाद घालायला हवा होता. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी रंगावरून भांडलो आणि इथं, जिथं माणसं बसणार होती, तिथं गप्प बसलो. खरं सांगायचं तर करवत माझ्याच्यानंही उचलवत नव्हती. लहानपणी लिहिलेल्या कागदावर पाय पडला तर अम्मी तो कागद उचलून डोळ्यांना लावायला लावायची. ती सवय मुरलेली आहे. इथं तर कुणाच्या आईचं नाव होतं. मी आतून एक जाड फळी आणि लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळून टेकू दिला, इंजिन टांगलं आणि स्वतःची समजूत घातली की आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे.

कार्यक्रम झाला. फीत कापली, नारळ फोडला, भाषणं झाली. भागूबाईच्या हातात चावी देताना मी तिला म्हणालो, "जरा हळू चालवा. इंजिन नवीन आहे." खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. इंजिनाला काही झालेलं नव्हतं. पाठीबद्दल चारचौघांत बोलायची मला लाज वाटली म्हणून मी इंजिनावर ढकललं.

त्यानंतर मला एक गोष्ट कळली जी मला यादी करताना कधी सुचली नव्हती. माझ्या यादीत उद्घाटन ही ओळच नव्हती. आपल्याकडे एकदा उद्घाटन झालं की काम संपतं. आत काय राहिलंय ते कुणी बघत नाही. मी मॅनेजरला फोन केला, "बोट कधी आणताय?" तो म्हणाला, "कशाला? फोटो मस्त आलेत." साहेबांना तीनदा फोन केला. पहिल्यांदा ते मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा परदेशात, तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, चालतेय ना छान? पावसाळा जाऊ द्या." पावसाळा जाऊ द्या! अख्खा पावसाळा मी घरात सगळ्यांवर खेकसत काढला. पाऊस जोराचा लागला की मी ताटावरून उठून दारात जाऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, "इतकं वाटतं तर जाऊन सांगत का नाही?" तिला काय सांगणार? जाऊन सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं.

शेवटी गणपती उठल्यावर सदा भेटला. तिकडं कुठली तरी पाटी रंगवून आला होता. खूश होऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमची बोट काय पळते! एका फेरीत दहा-बारा माणसं, किटल्या आणि वर एक वासरू." दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन पहिली बस पकडली.

अलीकडच्या काठावर पत्र्याची एक शेड आहे, तिथं माणसं बोटीची वाट बघत बसतात. भागूबाई किटल्या उतरवत होती. मला बघून तिला आनंद झाला. "या इस्माईलभाऊ! बसा, एक फेरी मारून आनते." मी बसलो. मी पुढे बघितलंच नाही, पाठीकडे बघत बसलो. प्रत्येक लाटेला इंजिन हळूच मान हलवत होतं. माझ्या टेकूचे दोन बोल्ट सैल होऊन पडले होते. परत काठाला लागलो, माणसं उतरली, तेव्हा मी म्हणालो, "भागूबाई, बोट आता थांबवायची."

"का वो? ब्येस चालतीया की."

"पाठ कुजलीय. मोडेल."

"कदी?"

"सांगता येत नाही. आज मोडेल, नाहीतर दिवाळीला."

"आन तुमाला कदी कळलं?"

टाळण्यात अर्थ नव्हता. "तुम्हाला द्यायच्या आधी."

ती किटलीवर बसली. मग म्हणाली, "माजी नात रोज हितं बसून साळंला येती. तुमी मला म्हनलात, इंजान नवं हाय."

"हो. खोटं बोललो."

"का?"

मग मी सगळं सांगितलं. मेसेज, सदा, कमळ, साहेबांचा पुसलेला चष्मा, माझी करवत. नाव म्हणजे बोट आणि नाव म्हणजे नाव हा घोळ ऐकला तेव्हा तिनं हसू आवरायचा प्रयत्न केला, पण पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. हसता हसता थांबली आणि गंभीर झाली.

"इस्माईलभाऊ, तुमास्नी एक म्हाईत न्हाई. सुशीलाबाईस्नी पान्याचं लय भ्या. वाडी बघायला चला म्हनून मी कितींदा म्हनलं, पन त्या कदी होडीत बसल्या न्हाईत. पाय लटलट कापायचं त्यांचं. आन तुमी समद्यांनी मिळून त्यास्नी पार पान्यात बशिवलं, त्ये बी पाटीमागं."

मी हत्यारांची पिशवी जवळ ओढली.

"करवत आनलीया?"

"पिशवीत आहे."

"मंग चालवा की."

मी इंजिन उतरवलं, बोट काठावर ओढून घेतली, करवत काढली आणि पाठीसमोर बसून राहिलो. हात पुढे जाईना. म्हणालो, "लिहिलेल्यावर माझ्याच्यानं नाही चालत हो."

"नावावर कोन म्हनतंय?" भागूबाई वैतागली. "कडंनं चालवा की!"

कडेनं. नावाच्या भोवती चौकोन आखायचा, भोक पाडायचं आणि करवत कडेकडेनं फिरवायची. नाव अख्खंच्या अख्खं सुटून येतं, खाली कुजलेलं लाकूड मोकळं होतं. पस्तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला, साहेबाला, मॅनेजरला, पेंटरला, कुणालाही हे सुचलं नव्हतं. सगळे हात जोडून त्या नावासमोर उभे होतो आणि पावसाळाभर माणसं त्याच्या भरवशावर पाणी ओलांडत होती. मला स्वतःचा इतका राग आला की पहिली दहा मिनिटं करवत मी त्या रागातच चालवली.

भागूबाईनं दुसरी बाजू धरली होती. चौकोन सुटला तसा आतला भुसा बदाबदा खाली पडला. तिनं मूठभर उचलून दाबला, त्यातून पाणी गळलं. "ह्याच्यावर बसत हुतो आमी," एवढंच म्हणाली आणि भुसा टाकून दिला. मग तिनं नावाची फळी पदरानं स्वच्छ पुसली आणि शेडमधल्या खांबाला, पत्र्याच्या आत, पाऊस लागणार नाही अशी बांधली.

"हितं बसा आता," ती फळीला म्हणाली. "कोरड्यात."

बोट कुसगावला नेऊ द्यायला तिनं नकार दिला. "तुमी नेली की मागं कुनी आनायचं?" म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिथंच ताडपत्री बांधली, बहिणीच्या मुलाचा टेम्पो मागवून सामान आणलं आणि पाठ नवी केली. रोज पहिल्या बसनं जायचं, शेवटच्या बसनं यायचं. वल्ह्याची जुनी होडी पावसाळाभर काठावर पडून फुटली होती, म्हणून तेवढे दिवस भागूबाई आणि वाडीच्या बायका डोंगराला वळसा घालून किटल्या डोक्यावरून आणत होत्या आणि डेअरीची गाडी बऱ्याचदा निघून गेलेली असायची. एकीनंही मला शब्दानं विचारलं नाही की अजून किती दिवस. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. घाई मी केली नाही, एवढं मात्र खरं. वाळवायचं ते वाळवलं, ठोकायचं ते ठोकलं, दोन दिवस बोटीत वाळूची पोती भरून पाण्यात फिरवली. मग रंग. साधा राखाडी. कुठला रंग हवा म्हणून मी विचारलं नाही आणि भागूबाईनंही विचारलं नाही.

साहेब आले ते दिवाळीच्या आधल्या आठवड्यात. मी मुद्दाम थांबलो होतो. त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी मध्येच फोन ठेवून दिला होता. आता ते शेडमध्ये शिरले. फळीवर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं, खाली शाळेच्या पोरींची दप्तरं होती. फळीखाली एक म्हातारी बोटीची वाट बघत बसली होती, तिनं सरकून साहेबांना जागा दिली. साहेब बसले.

भागूबाई म्हणाली, "आईस्नी पान्याचं भ्या न्हवं का. म्हनून हितं बशिवलं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "मी लहान असताना आम्हाला नदीवरसुद्धा जाऊ द्यायची नाही. मी विसरलोच होतो." डोळे पुसून त्यांनी काठावरच्या राखाडी बोटीकडे पाहिलं, तिच्या कोऱ्या पाठीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आता नाव?"

भागूबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग दोरी सोडायला वाकली आणि म्हणाली, "ती काय, चालतीया न्हवं नाव. बसा."

साहेबांनी बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात उतरून बोटीत जाऊन बसले.